मासेमारीला कुठे जायचे हे ठरवताना जोखमीचा हिशेब नेमका कसा मांडला जातो?

फोंड्याची विद्यार्थिनी (प्रश्न)

नमस्कार. मी अर्थशास्त्रात एम. ए. करीत असून माझा प्रकल्प गोव्यातील यांत्रिक मासेमारीवर आहे. त्यासाठी पणजीजवळच्या मालीमच्या जेटीवर जाऊन काही तांडेलांशी (बोट चालवणाऱ्या प्रमुखांशी) आणि बोटमालकांशी बोलले. एकमेकांना लागून उभ्या असलेल्या दोन ट्रॉलरांची (जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींची) लांबी जवळपास सारखी होती, इंजिन सारखे होते, दोघांनी एकाच कारखान्याचा बर्फ भरला होता आणि हवामानाचा अंदाजही दोघांनी एकच ऐकला होता. तरीही एक ट्रॉलर किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे जाणार होता आणि दुसरा सरळ पश्चिमेला खोल पाण्यात. असे का, हे विचारल्यावर दोघांनीही ‘नशीब’ एवढेच उत्तर दिले.

हे उत्तर मला पटत नाही. वर्षानुवर्षे डिझेल, बर्फ आणि पगार यांवर पैसा ओतून टिकून राहिलेला धंदा केवळ नशिबावर चालत असेल, असे मला वाटत नाही. पुस्तकात असे शिकवतात की माणूस प्रत्येक पर्यायातून सरासरी किती मिळेल हे पाहतो, त्यात किती चढउतार होईल हे पाहतो आणि आपल्या स्वभावाप्रमाणे निवड करतो. प्रत्यक्षात मात्र समुद्रावर ‘जोखीम’ या एकाच शब्दात खूप गोष्टी येतात. रिकाम्या हाताने परतणे ही जोखीम आहे, जाळे फाटणे ही जोखीम आहे आणि वादळात सापडणे हीसुद्धा जोखीमच आहे. तांडेल या सगळ्यांना एकाच तराजूत घालतो का? की काही जोखमींचा तो पैशात हिशेब करतो आणि काहींचा करीतच नाही? शिवाय हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून संभाव्य मत्स्यक्षेत्राची जी सूचना मिळते, तिच्यामुळे हा निर्णय सोपा होतो का? या व्यवसायातील किंवा त्याचा अभ्यास असलेल्या मंडळींनी सविस्तर लिहिल्यास मी ऋणी राहीन.

मालीमचा ट्रॉलरमालक

आमच्या घरात हा धंदा वडिलांपासून चालत आला आहे आणि आज आमचा ट्रॉलर मालीमलाच लागतो, त्यामुळे जे रोज पाहतो तेच लिहितो. तांडेल ‘नशीब’ म्हणतो तेव्हा तो आपला प्रश्न टाळत असतो. आपला पॉइंट कुठे आहे हे तो परक्या माणसाला, तेही आजूबाजूला दहा जण ऐकत असताना, सांगणार नाही. मासळी लागलेली जागा हीच त्याची पुंजी असते आणि ती एकदा जेटीवर फुटली की दुसऱ्या दिवशी तिथे वीस बोटी दिसतात.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की हा निर्णय एकटा माणूस एका वेळी घेत नाही. निम्मा निर्णय मालक डिझेल भरतानाच घेऊन टाकतो. आमचा ट्रॉलर ताशी सात ते आठ सागरी मैल चालतो. आग्वादचे टोक ओलांडून चार तास पश्चिमेला गेला, तर तो साधारण ३० मैलांवर पोचतो आणि तेवढेच अंतर त्याला परत यायचे असते. जाळे ओढताना वेग अडीच-तीन मैलांवर येतो, पण इंजिनावरचा भार कमी होत नाही. फेरीच्या खर्चात सर्वांत मोठा आकडा डिझेलचा असतो. त्यामुळे मी टाकीत किती डिझेल घातले, यावरून तांडेल किती लांब जाऊ शकतो हे आधीच ठरते. त्या वर्तुळाच्या आत कुठे जायचे, हा मात्र त्याचा प्रश्न, आणि तिथे मी ढवळाढवळ करीत नाही. जो मालक मोबाइलवरून तांडेलाला जागा सांगत राहतो, त्याच्याकडे चांगला तांडेल टिकत नाही, हे मी या जेटीवर अनेकदा पाहिले आहे.

आता त्या वर्तुळाच्या आतला हिशेब. जवळच्या पाण्यात, समजा १५ ते २० वावांवर (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट खोली), थोडेफार काहीतरी मिळतेच. कोळंबी, लेपे, सौंदाळे अशी मिसळ मासळी येते, भाव बेताचा असला तरी खर्च निघतो. खोल पाण्यात माणक्या, म्हाकूल, मोठी मासळी मिळण्याची आशा असते, पण जाण्यायेण्यात डिझेल जळते आणि मासळी नसेल तर ते सगळे पाण्यात जाते. म्हणून तांडेल जागेला ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ म्हणत नाही. आत्ता या फेरीत रिकामे येणे परवडेल का, हा त्याचा खरा प्रश्न असतो. लागोपाठ दोन फेऱ्या तोट्यात गेल्या असतील, तर बहुतेक तांडेल तिसऱ्या फेरीला जवळचे पाणी धरतात आणि आधी खर्च काढून घेतात. हंगाम बरा चालला असेल तेव्हाच नवी जागा तपासायला धजतात. क्वचित याच्या उलटही घडते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, १ जूनपासून दोन महिने बोटी बंद राहणार हे समोर दिसत असले आणि एजंटाकडून उचललेली आगाऊ रक्कम फिटायची असली, की एरवी सावध असलेला माणूसही लांब जातो, कारण थोड्या मासळीने त्याचे भागणारच नसते.

जाळ्याची जोखीम वेगळी आहे आणि ती बाहेरच्यांना दिसत नाही. आमच्या केबिनमधल्या जीपीएसच्या पडद्यावर जुन्या ओढींच्या रेषा एकमेकींवर इतक्या पडल्या आहेत की काही भाग काळे झाले आहेत. त्या काळ्या भागांच्या मधोमध काही ठिकाणी स्वच्छ पांढरे ठिपके उरले आहेत. ते खडप, म्हणजे पाण्याखालचे खडक. तिथे एखाद्या वेळी जाळे अडकलेले असते, म्हणून तांडेलाने तिथे खूण करून ठेवलेली असते. मासळी मात्र त्या खडपाच्या कडेलाच धरून असते. त्यामुळे चांगला तांडेल खडपापासून किती अंतरावरून ओढायचे, हे त्या दिवशीचा पाण्याचा ओढा आणि वारा पाहून ठरवतो. ओढा खडपाच्या दिशेने असेल तर तो लांबून जातो, खडपापासून बाहेरच्या दिशेने असेल तर जवळून. या काही मीटरांच्या अंतरात संपूर्ण फेरीचा नफा असतो आणि जाळे व त्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या फळ्या गमावण्याचा धोकाही तिथेच असतो. फळ्यांसकट जाळे गेले, तर ती फेरी तर गेलीच, पण नवे जाळे तयार होईपर्यंतच्या फेऱ्याही जातात. कोणता ट्रॉलर कुठे गेला एवढेच पाहिलेत, तर हा निर्णय तुमच्या तक्त्यात येणार नाही, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

याशिवाय हद्दीचा प्रश्न आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी ज्या त्या राज्याचे. उत्तरेला सिंधुदुर्गाच्या हद्दीत शिरले की पकडले जाण्याची भीती असते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा कडक केल्यापासून दंडाची रक्कम लाखांत गेली आहे, आणि बोट अडकून पडली तर होणारे नुकसान त्याहून मोठे. दक्षिणेला कर्नाटकाच्या बाजूलाही तेच. मासळीला हद्द नसते, पण तांडेलाच्या पडद्यावर ती रेषा असते आणि तो तिचा विचार करतोच.

इन्कॉइसच्या सूचनेविषयी आपण विचारले आहे. ती उपयोगी आहे, आम्ही पाहतो. पण ती सर्वांना एकाच वेळी मिळते. सूचनेतल्या जागी बांगडा भरपूर लागला आणि सगळ्यांनी तोच आणला, तर सकाळी भाव इतका खाली येतो की निम्मा माल फिशमीलच्या (मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या) गाडीत घालावा लागतो. म्हणून काही तांडेल मुद्दाम गर्दीच्या जागेच्या थोडे बाजूला जातात. मासळी थोडी कमी मिळेल, पण भाव मिळेल, असा तो विचार असतो.

अर्थशास्त्राचा शिक्षक

वरील प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे आणि त्यातील ‘रिकामे येणे परवडेल का’ हे वाक्य आपण प्रकल्पाच्या मध्यभागी ठेवावे, असे मी सुचवेन. ते आकड्यांत मांडून पाहू. समजा, जवळच्या पाण्यात प्रत्येक फेरीला खर्च वजा जाता ८,००० रुपये सुटतात. लांबच्या पाण्यात चारपैकी एका फेरीला ६०,००० रुपये सुटतात आणि उरलेल्या तीन फेऱ्यांना प्रत्येकी ८,००० रुपयांचा तोटा होतो. लांबच्या पाण्याची सरासरी ९,००० रुपये येते, म्हणजे जवळच्यापेक्षा जास्त. केवळ सरासरी पाहणाऱ्याने लांबच जायला हवे. पण लांबच्या पाण्यात लागोपाठ पाच फेऱ्या तोट्यात जाण्याची शक्यता सुमारे २४ टक्के आहे. म्हणजे असे पाच फेऱ्यांचे डाव अनेकदा खेळले, तर चारांपैकी जवळपास एका डावात ४०,००० रुपयांचा खड्डा पडतो आणि हाती काहीच येत नाही. ज्याच्याकडे हा खड्डा भरून काढण्याइतकी शिल्लक आहे, त्याला लांबचे पाणी खरोखरच फायद्याचे आहे. ज्याची शिल्लक ३०,००० ची आहे, त्याचा धंदा मोठी फेरी लागण्याआधीच बंद पडू शकतो. आपल्याला दिसलेल्या दोन ट्रॉलरांची इंजिने सारखी होती, पण त्यांच्या मालकांच्या वह्या सारख्या होत्या का? मला वाटते, एक दक्षिणेला आणि एक पश्चिमेला का गेला, याचे बरेचसे उत्तर त्या वह्यांत सापडेल. तांडेलांच्या स्वभावातल्या फरकाकडे त्यानंतर वळावे.

स्वभावाचा भाग नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. या विषयावर परदेशांत बरेच काम झाले आहे. मिस्तियान आणि स्ट्रँड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांब दोरीच्या गळांनी मासेमारी करणाऱ्या बोटी जागा कशा निवडतात हे तपासले आणि जोखमीविषयीची वृत्ती सर्वांची सारखी धरता येत नाही, असे दाखवले. स्वीडनमधील मच्छीमारांना एगर्ट आणि मार्टिन्सन यांनी थेट पर्याय देऊन विचारले, तेव्हा साधारण निम्मे लोक जोखमीविषयी तटस्थ निघाले, म्हणजे ते सरासरीच पाहत होते, तर उरलेले कमी-अधिक प्रमाणात जोखीम टाळणारे होते. मच्छीमार म्हणजे जात्याच साहसी, ही समजूत या निष्कर्षाशी जुळत नाही. स्मिथ आणि विलेन यांनी कॅलिफोर्नियात पाण्यात बुडी मारून समुद्री अर्चिन (तळावरचे काटेरी, गोल प्राणी) गोळा करणाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये मांडला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो सर्वांत जवळचा आहे, कारण पैशाची जोखीम आणि जिवाची जोखीम या दोन्हींविषयीची वृत्ती त्यांनी एकत्र तपासली. ती माणसागणिक वेगळी असते, पण एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही वृत्ती एकमेकींशी जोडलेल्या असतात, असे त्यांना आढळले.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की आपण ‘कोणता तांडेल धाडसी’ या प्रश्नात अडकू नये. नियम बदलले की तोच माणूस वेगळा वागतो. अलास्कात हॅलिबट या माशाचा हंगाम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इतका आखडला होता की काही भागांत वर्षातून एक-दोन वेळा, चोवीस-चोवीस तासांसाठी मासेमारी खुली व्हायची. त्या दिवशी वादळ असले तरी बोटी बाहेर पडत, कारण तो दिवस गेला तर वर्षच गेले. १९९५ पासून प्रत्येक बोटीला तिचा ठरावीक हिस्सा नेमून दिला गेला, हंगाम महिनोन्‌महिने चालू लागला आणि खराब हवामानात थांबणे परवडू लागले. आपल्याकडे अशी हिस्सेवारी नाही. पण १ ऑगस्टचा दिवस आठवून पाहा. ६१ दिवसांची बंदी उठते, बाजारात ताज्या मासळीला चढा भाव असतो, समुद्र मात्र अजून पावसाळ्यातलाच असतो. पहिल्या आठवड्यात बाहेर पडणाऱ्या आणि थांबणाऱ्या बोटी कोणत्या, त्यांच्यावर कर्ज किती, त्यांचे खलाशी गावाहून परतलेत का, एवढे जरी आपण नोंदवलेत तरी प्रकल्पाला भक्कम आधार मिळेल.

आणखी एक भेद उपयोगी पडेल. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच सांगितले होते की ज्याच्या शक्यता मोजता येतात ती जोखीम, आणि ज्याच्या मोजताच येत नाहीत ती अनिश्चितता. नेहमीच्या पाण्यातली फेरी पहिल्या प्रकारात मोडते, कारण तांडेलाकडे जुन्या फेऱ्यांचा अनुभव असतो. कधीच न गेलेल्या जागेविषयी त्याच्याकडे काहीच नसते. म्हणून बहुतेक बोटी सवयीच्या जागा सोडत नाहीत. न्यू इंग्लंडच्या ट्रॉलरांवरील हॉलंड आणि सुटिनेन यांच्या अभ्यासातही सवयीचा हा जोर ठळकपणे दिसला होता. इन्कॉइसची सूचना उपग्रहाने मोजलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून काढली जाते. तिचा खरा उपयोग इथेच आहे, की तिच्यामुळे अनोळखी जागेविषयी निदान काहीतरी हाती लागते. ढग दाट असले की तीही मिळत नाही.

फोंड्याची विद्यार्थिनी

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मालक आणि तांडेल यांचा निर्णय वेगवेगळा असतो, ही गोष्ट माझ्या प्रश्नावलीत आलीच नव्हती. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लहान होडीवाल्यांचा हिशेब ट्रॉलरवाल्यांसारखाच असतो का? आणि समुद्र खवळला असताना जिवाच्या धोक्याचा विचार नेमका कोणत्या टप्प्यावर होतो, निघताना की मध्येच?

साळ नदीकाठचा

मी बेतूलच्या बाजूचा. आमची फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन असते आणि आम्ही गिलनेट टाकतो. आमचा हिशेब ट्रॉलरसारखा नाही. आम्हाला सर्वांत आधी नदीचे तोंड पाहावे लागते. साळ नदीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो. भरतीला त्यावरून होडी सहज निघते. ओहोटीला मात्र पाणी उथळ होते आणि बाहेरून लाट येत असेल तर ती नेमकी त्या बांधावर फुटते. तिथे होड्या उलटल्या आहेत, मोठे ट्रॉलरही वाळूत रुतले आहेत. त्यामुळे आम्ही आधी परतायची वेळ ठरवतो आणि मग जागा. भरती सकाळी नऊच्या सुमारास असेल, तर त्या वेळी तोंडाशी पोचता येईल इतक्याच अंतरावर जाळे टाकायचे. लांब बांगडा लागलाय अशी पक्की बातमी असली, तरी परत येताना ओहोटी मिळणार असेल तर आम्ही जात नाही. वारा वाढला तर बाहेर नांगर टाकून भरतीची वाट पाहणे लहान होडीला शक्य नसते.

दुसरी जोखीम जाळ्याची, पण ती खडपाची नव्हे. आमचे जाळे रात्रभर पाण्यात उभे असते आणि त्यावरून ट्रॉलर गेला की ते फाटते किंवा सरळ वाहून जाते. कायद्याने किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव आहे. गोव्याचा हा कायदा १९८० चा आहे आणि तो यावा म्हणून रापणकारांनी (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, म्हणजे रापण, लावणाऱ्यांनी) सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरून मोठा लढा दिला होता. तरीही रात्री त्या पट्ट्यात ट्रॉलरचे दिवे दिसतात. म्हणून मासळी भरपूर असलेली जागा आम्हाला कित्येकदा सोडावी लागते आणि ट्रॉलर सहसा येणार नाही अशा खडपाळ, कमी मासळीच्या जागी जाळे टाकावे लागते. आपण नकाशावर पाहाल तर आम्ही वाईट जागा निवडली असे दिसेल. आम्ही जाळे वाचवायला ती निवडलेली असते. दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढण्यावर आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, पण अंधारात बाहेर कोणाचा प्रकाश दिसतो ते आम्ही पाहतोच आणि त्या बाजूला जात नाही.

एक गोष्ट आमच्या बाजूची. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, खोलातले कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्याकडे सरकते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे आपल्याच समुद्रात मोजले आहे. शास्त्र मला फार कळत नाही, पण त्या दिवसांत तळाला मासळी राहत नाही आणि काही वेळा ती अगदी किनाऱ्याजवळ येते, हे आमच्या वडीलधाऱ्यांना माहीत होते. त्या महिन्यात लांब जाणाऱ्यापेक्षा जवळ थांबणाऱ्याला जास्त मिळू शकते.

खारीवाड्याची सून

बाय, जिवाचा विचार निघताना होतो की मध्येच, हे तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. माझे यजमान तांडेल आहेत. निघताना विचार सोपा असतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला किंवा मत्स्य खात्याने मनाई केली, की जायचे नाही. त्यावर घरात वाद नसतो. कठीण असते ते निघाल्यानंतर, चार-पाच दिवसांच्या फेरीवर असताना. डिझेल जळलेले असते, बर्फ वितळत असतो, खणात अजून खर्चाइतकीही मासळी नसते आणि तेवढ्यात वायरलेसवर इशारा येतो. तेव्हा परत फिरायचे म्हणजे पदरात तोटा घेऊन यायचे. त्या क्षणी अजून एक ओढ घेऊया असे वाटते, आणि धोका त्या एका ओढीत असतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ गोवा-कोकण किनाऱ्याजवळून वर सरकले तेव्हा कितीतरी बोटी बाहेरच होत्या. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूची माणसे आधीच लांब पाण्यात गेलेली होती. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते, त्यांच्यापर्यंत इशारा पोचलाच नाही. आता बोटींवर उपग्रहाचे ट्रान्सपॉन्डर बसवत आहेत, त्यावर संदेश येतो आणि बोटीवरून पाठवताही येतो. निदान ‘कळले नाही’ ही वेळ येऊ नये.

यजमानांचा एक नियम आहे आणि तो ते निघण्यापूर्वीच ठरवतात. पाणी फिरले तर कुठल्या बंदरात शिरायचे हे ज्या जागेवरून सांगता येत नाही, तिथे ते जात नाहीत. उत्तरेला गेले तर देवगड मनात धरलेले असते, कारण ते बंदर वादळात आडोसा देते. दक्षिणेला गेले तर कारवार. मासळीचा विचार त्याच्या नंतर.

तुम्ही खलाशांना मात्र जरूर विचारा. ओडिशा, झारखंडहून आलेली मुले असतात. कुठे जायचे यात त्यांना कोणी विचारत नाही, आणि लाटेत दोर धरून मागच्या बाजूला तीच उभी असतात. मालकाचा तोटा डिझेलचा असतो. अपघातात माणूस गेला तर केंद्राच्या विमा योजनेतून पाच लाख मिळतात, पण त्यासाठी नाव नोंदलेले असावे लागते. किती जणांचे नोंदलेले आहे, हा तुमच्या प्रकल्पात प्रश्न असू दे.

मालीमचा ट्रॉलरमालक

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. पाच किलोमीटरच्या पट्ट्याविषयी साळ नदीकाठच्या भावांनी जे लिहिले ते खरे आहे. आमच्यातले काही जण तिथे शिरतात आणि त्याची किंमत लहान होडीवाला मोजतो, हे मालकांनी मान्य करायला हवे. खलाशांविषयी एवढेच जोडतो की आमच्याकडे त्यांना महिन्याचा ठरावीक पगार आणि वर मासळीवर बक्षीस, अशी पद्धत आहे. रापणीत प्रत्येकाला वाटा असतो. पगारावरचा माणूस फेरी रिकामी आली तरी पगार घेतो, त्यामुळे लांब जायला तो पैशासाठी विरोध करीत नाही. वाट्यावरचा माणूस मात्र जागेवरून तांडेलाशी भांडतो. हा फरक आपण वेगळा नोंदवावा.

मुलाखती घेताना ‘तुम्ही जागा कशी ठरवता’ असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी ‘नशीब’ असेच मिळेल. मागच्या फेरीविषयी विचारा. किती डिझेल भरले होते, किती उरले, पहिली ओढ कुठे घेतली, ती फुकट गेल्यावर जागा बदलली की तिथेच दुसरी घेतली, आणि बदलली तर कोणाच्या बोटीकडे पाहून. नेमकी जागा विचारू नका, फक्त किती वाव पाणी होते ते विचारा, ते तांडेल सांगतो. पहाटे लिलाव चालू असताना कोणी बोलणार नाही. माल उतरून झाला, जाळी दुरुस्तीला पसरली की दहा-अकराच्या सुमारास या. आमचा तांडेल बोलायला तयार आहे आणि मागच्या हंगामाची डिझेलची बिले मी आपल्याला पाहायला देईन.